नमुन्याबरहुकूम आठ पिना

शेजारच्या हेडमास्तरांच्या फाटकाचा खांब पडला तेव्हा आमच्या गाडीचा वेग माणसाच्या चालीपेक्षा जास्त नव्हता, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. मी अभिलेख विभागात एकतीस वर्षं काम करतो आहे आणि चुकीची नोंद मला खपत नाही. गाडी आमच्या वडिलांची, म्हणजे तात्यांची. जुनी पिकअप, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. तात्यांनी घेतली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. त्या दिवशी चालवत होते स्वतः तात्या, वय वर्षं एक्याऐंशी. त्यांनी ब्रेक दाबला होता, हेही नोंदवतो. गाडीने तो मनावर घेतला नाही. ती जाऊन खांबाला टेकली, खांब जरा विचार करून आडवा झाला, आणि तात्या खाली उतरून म्हणाले, "हा खांब इथे कधीपासून आहे?"

खांब तिथे एकोणीस वर्षं होता.

हेडमास्तरांनी भरपाई मागितली असती तर मी सुटलो असतो. "शेजारधर्म आहे," असं म्हणून त्यांनी ती नाकारली आणि त्याऐवजी आमच्या गाडीबद्दल वाटेल तेव्हा सल्ला देण्याचा हक्क कायमचा पदरात पाडून घेतला. माणसाने शेजाऱ्याचं काय हवं ते पाडावं, पण त्याला उपकार करायची संधी देऊ नये. पाचव्या दिवशी वाहन तपासणी कार्यालयाचं पत्र आलं: सदर वाहन वीस दिवसांच्या आत ब्रेकच्या चाचणीसाठी हजर करावं, अन्यथा नोंदणी रद्द करून ते मोडीत काढण्यात येईल. मी पत्र घेऊन हेडमास्तरांकडे गेलो.

"मी तक्रार केली नाही," ते शांतपणे म्हणाले. "मी फक्त कळवलं."

गाडी मोडीत गेली तर काय बिघडतं, असं आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना वाटत होतं. मला तसं वाटत नव्हतं आणि का, ते मला कोणाला सांगता येत नव्हतं. तात्यांचा धंदा काचेचा. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे. बेचाळीस वर्षं त्यांनी याच गाडीच्या पाठीवर काचा उभ्या टेकवायचा लाकडी घोडा बांधून काचा पोचवल्या. दुकान बंद होऊन आता नऊ वर्षं झाली, पण दर शनिवारी सकाळी ते गाडी काढतात आणि गावभर एक चक्कर मारून येतात. सामान आणत नाहीत, कोणाला भेटत नाहीत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आपण बसवलेल्या काचा बघून येतो. बऱ्याच आहेत अजून."

बायकोचं म्हणणं सरळ होतं. "तात्यांनी आता गाडी चालवायची नाही. आज खांब होता. हे त्यांना तुम्ही सांगा. मी सांगितलं की त्याचं भांडण होतं. तुम्ही सांगितलं तर निदान त्यांना ऐकू येत नाही."

मी सांगितलं. त्या दिवशी मात्र त्यांना ऐकू आलं. ते बराच वेळ हातातली किल्ली फिरवत बसले. त्या किल्लीला त्यांनी हिरव्या काचेचा, कडा घासून गुळगुळीत केलेला एक तुकडा बांधलेला आहे.

"किल्ली देतो तुला," ते म्हणाले. "पण न थांबणारी गाडी मी मुलाच्या हातात देणार नाही. आधी ब्रेक नीट कर, पास करून घे. तोवर मीच चालवणार."

"तात्या, ती थांबत नाही तर तुम्ही कशी चालवता?"

"ती थांबत नाही हे मला माहीत आहे. तुला माहीत नाही."

 एकूण हिशेब असा की वीस दिवसांत ब्रेक नीट झाले तर गाडी वाचेल आणि किल्ली माझ्याकडे येईल. नाहीतर गाडी भंगारात जाईल, आणि तिच्या मागोमाग तात्यांमधलंही काहीतरी जाईल, अशी मला धास्ती होती.

गाडी बघायला मिस्त्री आले. अर्धा तास गाडीखाली राहून बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरांचा असतो तसा सहानुभूतीचा भाव होता. या गाडीच्या ब्रेकमध्ये तेल नाही, हवा नाही, नुसत्या लोखंडी सळ्या आहेत. पॅडल दाबलं की चार सळ्या चार चाकांकडे ओढ लावतात. प्रत्येक सळीच्या दोन्ही टोकांना एकेक पिन, म्हणजे आठ पिना. आठही झिजलेल्या.

"तुम्ही पाय दाबता ना, ते आधी या आठ ठिकाणची ढिलाई भरून काढण्यात जातं," मिस्त्री म्हणाले. "चाकापर्यंत काही पोचतच नाही."

मला हे लगेच समजलं. आमच्या कार्यालयातही अर्ज आठ टेबलांवरून जातो.

जाता जाता मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, पत्रा एका ठिकाणी झिजून खोलगट झाला होता. रंग गेलेला, तळहाताएवढा चकचकीत खळगा. मी दुरुस्तीची यादी लिहीत होतो, त्यात नववी बाब म्हणून लिहिलं: 'पुढील पत्रा खराब, बदलणे.' संध्याकाळी ती यादी तात्यांनी मागून घेतली, चष्मा लावून वाचली, आणि नवव्या बाबीवर पेनने आडवी रेघ मारली. कारण विचारलं तर म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही." यादीत खाडाखोड झालेली मला आवडत नाही, म्हणून मी रेघेशेजारी त्यांची सही घेतली.

मिस्त्रींना गुरुवारपर्यंत सवड नव्हती. "पिना तुम्हीच काढून ठेवा, सोपं आहे," असं ते म्हणाले होते. हे वाक्य जगात बोललं जाणाऱ्या सर्वांत घातक वाक्यांपैकी एक असावं. रविवारी सकाळी जुनी चादर अंथरून मी गाडीखाली गेलो. बाहेर फक्त माझे पाय राहिले. आणि मला असा शोध लागला की माणसाचं तोंड दिसत नसलं की लोक त्याच्या तळव्यांशी अगदी मोकळेपणाने बोलतात. हेडमास्तर माझ्या तळव्यांना म्हणाले, "आधी तापवा, मग ठोका." समोरचे औषध दुकानदार म्हणाले, "ठोकू नका, तेल सोडा आणि दोन दिवस वाट बघा." मग दोघांचं आपसात वाजलं आणि त्या वादात मी आहे याचा दोघांनाही विसर पडला. वरच्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीतून कितीतरी वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी माझ्या बायकोला हाक मारून विचारलं, "अगं, ते हलत नाहीयेत. बघतेस का जरा?"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. बायकोने तो माझ्या कानाशी धरला. एक जुनी फाइल सापडत नव्हती. मी म्हणालो, "साहेब, मी आत्ता गाडीखाली आलोय, थोड्या वेळाने सांगतो," आणि फोन बंद केला. संध्याकाळी कार्यालयातले चौघे जण फळं घेऊन, पडेल चेहऱ्याने दारात उभे राहिले. मी धडधाकट आहे हे बघून त्यांना आनंद झाला असेल, पण तो त्यांनी दाखवला नाही. फळं ठेवून गेले. आठही पिना मात्र तोवर माझ्या हातात आल्या होत्या. एकेक वेगळ्या कागदात गुंडाळून मी त्यांना एक ते आठ क्रमांक दिले आणि कुठली पिन कुठल्या चाकाची, कुठल्या टोकाची, ते वर लिहिलं.

सोमवारी अर्धी रजा टाकून चाचणीची तारीख घ्यायला तपासणी कार्यालयात गेलो. अर्जावर 'ब्रेकचा प्रकार' या शब्दांपुढे दोन चौकोन होते: तेलाचा आणि हवेचा.

"आमचा सळ्यांचा आहे," मी खिडकीतल्या कारकुनाला म्हणालो.

"सळ्यांचा चौकोन नाही."

"पण ब्रेक आहे."

"चौकोन नाही म्हणजे गाडीला ब्रेक नाही असंच धरावं लागेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जराही दुष्टपणा नव्हता.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो आवाज माझा होता. गेल्याच वर्षी एका माणसाच्या अर्जात भावंडांसाठी दोनच ओळी होत्या, म्हणून मी त्याचा तिसरा भाऊ नाकारला होता. तो माणूस अर्जाची घडी घालून निघून गेला होता. त्याला शोधून माफी मागावी असं त्या खिडकीसमोर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं. पण ती वेळ माफीची नव्हती. बाकावर बसून मी कोरा कागद काढला आणि उपरोक्त विषयास अनुसरून, सोबत जोडपत्र अ आणि ब, असा एक अर्ज लिहिला. त्यात 'सबब' हा शब्द चार वेळा आला. कारकुनाने तो एकदा वाचला, मग सावकाश पुन्हा वाचला.

"कुठलं खातं?"

"अभिलेख."

"मग आधी सांगायचं नाही का," असं म्हणून त्याने पट्टी घेतली आणि अर्जावर स्वतःच्या हाताने तिसरा चौकोन आखला. कडा अगदी सरळ होत्या. चाचणी मुदतीच्या विसाव्या दिवशी ठरली. शेवटचा दिवस.

या विजयाने माझं डोकं फिरलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. आपल्या लेखणीत काही विशेष आहे असं मला वाटू लागलं. नवीन पिना बनवायला लेथवाल्या काकांकडे गेलो तेव्हा ते जेवायला गेले होते, म्हणून पुड्यांबरोबर चिठ्ठी ठेवून आलो. चिठ्ठीची प्रत माझ्याजवळ आहे. 'सोबतच्या आठ नमुन्यांबरहुकूम, क्रमांकनिहाय, तंतोतंत, कोणताही फरक न करता नवीन पिना बनवून द्याव्यात.'

पंधराव्या दिवशी संध्याकाळी पिना मिळाल्या. लेथवाले काका थकलेले दिसत होते. "आयुष्यात इतकं किचकट काम केलं नाही," ते म्हणाले. "पण तंतोतंत आहे. मोजून घ्या." मी मोजल्या, आठ होत्या. नव्या पोलादाच्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या, प्रत्येकीवर क्रमांक कोरलेला.

मिस्त्रींनी पहिली पुडी सोडली. पिन उजेडात धरली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा धरली.

"साहेब," ते म्हणाले, "ही नवीन झिजवलेली आहे."

एकेक पुडी सोडत गेलो. प्रत्येक जुनी पिन कमरेत जिथे खाल्लेली होती, तिथेच तिची नवी पिन तेवढीच खाल्लेली होती. तीन नंबरची जुनी पिन सर्वांत जास्त झिजून जवळपास डमरू झाली होती. तिची नवी बहीणही डमरूच होती. जे झिजायला पन्नासहून जास्त वर्षं लागली, ते लेथवाल्या काकांनी अकरा दिवसांत साधलं होतं.

मी तणतणत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझी चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवली होती. ती काढून माझ्यासमोर धरली आणि 'कोणताही फरक न करता' या शब्दांवर काळं बोट ठेवलं.

"अहो, पण झिजलेली पिन कोणी मुद्दाम बनवून घेतं का?"

"मी विचारणार होतो," ते म्हणाले. "पण एवढं कडक लिहिलंय, वाटलं काहीतरी कारण असेल. मागे एकदा मी आपलं डोकं वापरलं होतं, तर गिऱ्हाईक सगळ्यांसमोर वाटेल ते बोललं. तेव्हापासून कागदावर असेल तेच करतो."

इथे मी खाली बसलो. कागदावर असेल तेच, हे वाक्य मी एकतीस वर्षं खिडकीच्या आतून म्हणत आलो होतो. पाच दिवस उरले होते. मी लेथवाल्या काकांसमोर हात जोडले. यापूर्वी मी कामासाठी कोणापुढे हात जोडले नव्हते, लेखी विनंती केली होती.

"चिठ्ठी फाडा," मी म्हणालो. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

त्यांनी चिठ्ठी फाडली नाही, घडी करून खिशात ठेवली. पण चार दिवसांत सरळ, भरीव, निरोगी पिना दिल्या. शिवाय मिस्त्रींना बोलावून सळ्यांची मोठी झालेली भोकंसुद्धा आतून बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, बसवून नीट केली. ते मला सुचलंच नव्हतं. मी चिठ्ठीत कडक लिहून असं काही करायची त्यांची वाटच बंद करून ठेवली होती. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडून झालं. मिस्त्री गेल्यावर मी गाडी पुसत होतो आणि तात्या पायरीवर बसून बघत होते. फडकं त्या शेजारच्या खळग्यापाशी आलं तेव्हा मी थांबलो.

"हे कशाने झालं, तात्या?"

ते पायरीवरून उठून गाडीपाशी आले.

"तुझ्या आईचा ब्रेक तो," मग म्हणाले. "मांडीवर आरसे घेऊन बसायची तिथे. समोर काही आलं की मी दाबायच्या आधी तिचा पाय दाबलेला असायचा. म्हटलं, अगं, तिथे काही नाहीये. तर म्हणायची, नसू दे, गाडी थांबतेय ना?"

आईला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर त्या सीटवर कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. तिथे हत्यारांची पेटी आणि पोत्याचे तुकडे असायचे. मी फडकं बाजूला ठेवलं. त्या विषयावर अर्ज लिहिण्यासारखं काही नव्हतं.

विसाव्या दिवशी ठरल्याप्रमाणे तात्यांनीच गाडी कार्यालयाच्या मागच्या मैदानात नेली. मी पाठीमागून सायकलने गेलो, कारण सीटवर पेटी होती. मैदानात चुन्याच्या दोन रेघा होत्या. पहिल्या रेघेवर ब्रेक दाबायचा, दुसरीच्या आत गाडी उभी राहिली पाहिजे. तीन वेळा संधी. निरीक्षक तरुण होते आणि हातातल्या पाटीवर कागद लावून उभे होते. मिस्त्री आले होते, हेडमास्तरही आले होते. संबंधित म्हणून, ते म्हणाले.

तात्यांनी वेग घेतला, पहिल्या रेघेवर ब्रेक दाबला, आणि गाडी हळूहळू, अगदी सभ्यपणे, दुसरी रेघ ओलांडून चार हात पुढे जाऊन थांबली.  मिस्त्रींनी खाली वाकून सळ्या बघितल्या. सगळं ताठ होतं, काहीच सुटलं नव्हतं.

"आजोबा, जोरात दाबा," निरीक्षक म्हणाले.

दुसऱ्या वेळीही तेच झालं. मी काचेतून बघत होतो. तात्यांचा पाय पॅडलवर जात होता, पण लोणी दाबावं तसा. बेचाळीस वर्षं त्यांच्या पाठीशी काच उभी होती, आणि त्या पायाला एकच गोष्ट ठाऊक होती, की थांबलेलं काचेला कळता कामा नये. ब्रेक नीट होते. पाय ऐकत नव्हता.

"एक संधी राहिली," निरीक्षक म्हणाले. हेडमास्तरांनी प्रथमच सल्ला दिला नाही.

तात्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग इंजिन बंद करून खाली उतरले, माझ्यापाशी आले आणि किल्ली पुढे केली. हिरवा तुकडा गरम लागला हाताला.

"तू दाब," ते म्हणाले. "माझ्या पायाला सवय नाही."

मग ते पलीकडून चढायला गेले. त्यांना ते दार उघडेना. आयुष्यात ते त्या दाराने कधी चढले नव्हते. मी आतून उघडलं, पेटी आणि पोती मागे टाकली, आणि ते बसले. निरीक्षकांनी आक्षेप घेतला नाही. नियमात तसा रकाना नसावा. मी गाडी सुरू केली. वेग वाढला, रेघ जवळ आली, आणि मी होती नव्हती ती ताकद लावून पाय दाबला. मागे पेटी धाडकन आदळली, माझी छाती स्टिअरिंगवर आपटली, आणि गाडी दुसऱ्या रेघेच्या चांगली अलीकडे खुंटीसारखी उभी राहिली. निरीक्षकांनी कागदावर सही केली. मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"असं थांबवतात का गाडी," तात्या म्हणाले. "सगळा माल गेला असता."

घरी जाताना गाडी मी चालवली. सायकल मागे घोड्याला बांधली होती. बाजारातून जाताना तात्या अधूनमधून बोटाने एखादी खिडकी दाखवत होते. आमच्या गल्लीत वळलो तर समोर हेडमास्तर आमच्याआधी पोचलेले, आपल्या नव्या खांबापुढे दोन्ही हात पसरून उभे. माझ्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं. तात्यांचा पाय पुढे गेला आणि पत्र्याच्या त्या खळग्यात जाऊन बसला. चप्पल काढलेली होती. टाच, चवडा, सगळं नेमकं मावलं नाही. आईचा पाय लहान होता. त्यांनी दाबला. मी त्यानंतर दाबला, हळू, जितका जमला तितका हळू.

गाडी खांबापासून हातभर अंतरावर थांबली. मागे पेटी हलली नाही. मी इंजिन बंद केलं. तात्यांनी पाय तिथेच ठेवला होता.

"थांबली," ते म्हणाले.